आजीच्या गव्हाणीतलं बाळ

सुरुवातीलाच सांगते, मी हे लाइक मिळवायला लिहीत नाहीये. मला राग आलाय म्हणून लिहितेय.

हे घडलंय. ठाण्यात, बाळकुमला, माझ्या सख्ख्या काकाच्या हॉलमध्ये. दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी. सगळे दिवे चालू होते आणि हॉल माणसांनी भरलेला होता. त्यातली बरीचशी माणसं आजही त्याच बिल्डिंगमध्ये राहतात. लिफ्टमध्ये भेटली की मोबाइल बघायला लागतात.

कमेंटमध्ये "मॅडम, भास असेल" लिहिणार असाल तर आत्ताच निघा. माझं डोकं आधीच फिरलंय.

माझं नाव मागदा. लग्न करून डोंबिवलीत आले, नवरा सर्वेश. माहेर बाळकुमचं. आम्ही तिथले जुने ख्रिस्ती. आमचे आजोबा-पणजोबा मिठागरात राबले. आता मिठागर नाही, त्यावर टॉवर आहेत, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या अशाच एका टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये माझा इनासकाका राहतो. आजी त्याच्याकडेच असायची. माझे पप्पा आधीच गेलेले.

आजीचं नाव नातालीन. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून. सगळं गाव तिला नाताबाय म्हणायचं.

ती गेली डिसेंबरच्या सुरुवातीला. चर्चमध्ये इनासकाका माइकवर उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "माझी आई फार शांत, सोशिक बाई होती."

शांत?

माझी आजी?

अरे, गावात कोणाचंही लग्न असलं की आदल्या दिवशी ती जागच्या जागी गाणी जुळवायची. नवऱ्या मुलाच्या नाकापासून त्याच्या मामाच्या दारूपर्यंत सगळं गाण्यात यायचं. एकदा वरमाय रडत उठून गेली. आजी म्हणाली, "जाऊदे तिला, अजून दोन कडवी हायेत माजी."

मे महिन्यात गावातल्या क्रूसासाठी ती कागदाची फुलं करायची. असली की मधमाश्या फिरायच्या त्यांच्याभोवती. संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकली नाही कधी. गुडघे सुजले तरी जमिनीवरच टेकायची. आणि रोझरी संपली की त्याच तोंडाने भाजीवाल्याला शिव्या.

देवावर तिची श्रद्धा होती. देवाच्या माणसांवर मात्र तिचा राग होता. तो का, ते सांगते.

पण आधी गव्हाण.

नाताळला आमच्यात गव्हाण करतात, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. लोक बाजारातून सेट आणतात. आजी खाडीची काळी माती आणायची. मळायची, चुना लावायची, रंगवायची. तिची मरिया माय लुगडं नेसलेली. जोसेफच्या डोक्यावर मिठागरातल्या मजुराचं फडकं. मेंढपाळांच्या खांद्यावर मिठाच्या टोपल्या. एका राजाचं तोंड हुबेहूब आमच्या दूधवाल्याचं होतं, तो बघून खूश झालेला.

ही सगळी माणसं ती दरवर्षी नवी करायची.

बाळ मात्र तेच. दरवर्षी तेच.

आणि ते बाळ मोठं होतं. मरिया माय वीतभर आणि बाळ जवळजवळ हातभर. लोक हसायचे. "नाताबाय, आईपेक्षा पोर मोठं कसं गं?" ती उत्तर द्यायची नाही. एरवी गप्प न बसणारी बाई, त्या प्रश्नावर गप्प बसायची.

वर्षभर ते बाळ तिच्या पलंगाखाली, तिच्या लग्नाच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. लहानपणी मी एकदा ते उचललं.

आतून आवाज आला...

खुळखुळ...

मला वाटलं आत खडे भरलेत, खुळखुळ्यात असतात तसे. मी अजून एकदा हलवलं. आजीने मला अशी थोबाडीत मारली की कानात शिट्टी वाजली. मग तिनेच मला पोटाशी धरलं आणि रडत बसली. त्यानंतर कोणीच त्याला हात लावला नाही.

तिचा अजून एक नियम होता. चोवीस तारखेच्या रात्रीच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेपर्यंत, गव्हाण रिकामी. नुसतं गवत. बाळ आधी ठेवायचं नाही म्हणजे नाही. "त्याची येल झाल्याबगर त्याला काढू नका," म्हणायची. आमच्या लोकांत ही रीत सगळीकडेच आहे, पण तिचा हट्ट वेगळा होता.

आता तो राग.

आजी मिस्सा चुकवायची नाही, पण चर्चच्या सिमेटरीत तिने कधी पाऊल टाकलं नाही. आजोबांना पुरलं तेव्हा ती गेटच्या बाहेर उभी. माझ्या पप्पांना, तिच्या पोटच्या पोराला पुरलं, तेव्हाही बाहेर. उन्हात. हातात जपमाळ. लोक म्हणाले, काय दगडाची बाई आहे. इनासकाकाला तर लाज वाटायची तिची.

माझ्या लग्नाच्या आधी एकदा ती माती मळत होती आणि मी सरळ विचारलं, "आजी, तू आत का नाही येत गं?"

ती मळता मळताच बोलली.

"माजा पयला पोर. जल्मला नि गेला. फादर येऊन पानी घालीपर्यंत बी थांबला न्हाय. मंग तो फादर बोलला, बाप्तिस्मा न्हाय झाला, आत जागा न्हाय. तुज्या आज्यान त्याला मिठागराचे बांधाखाली पुरला. मना बगू पन न्हाय दिला."

तिने मातीत अजून पाणी ओतलं.

"तो एकटा न्हाय तिथं," ती म्हणाली. "गावातली अजून पोरं हायेत. सगल्यांना तोच बांध." मग हातातल्या मातीवर थाप मारली. "ज्या जागेन माज्या पोराला न्हाय घेतला, तिथं मी कशाला जाऊ? तो बाहेर, तं मी पन बाहेर."

आता असं कोणी करत नाही. नियम बदलले. पण बदलले तेव्हा कोणी तिच्या दारात येऊन माफी मागितली? नाही. मला आजही त्या फादरचा राग येतो. मेला असेल तो. असू दे.

शेवटच्या आजारपणात तिने इनासकाकाला पलंगाजवळ बोलावलं. मी समोर होते. जपमाळ त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "मना आत नेशील तं त्यालापन ने. ते बाल माज्या हातान दे. मंग पेटी बंद कर."

काका म्हणाला, "हो आई."

"माळेवर हात ठेवून बोल."

"हो गं आई. देतो."

दोन दिवसांनी ती गेली. मी डोंबिवलीहून पोहोचेपर्यंत पेटी बंद झालेली. मी काकाला बाजूला घेऊन विचारलं, "दिलंस ना हातात?"

"दिलं," तो म्हणाला. "कापडात गुंडाळून दिलं."

मी विश्वास ठेवला. सख्खा मुलगा आहे, आईशी कशाला खोटं बोलेल?

सातव्या दिवशी मिस्सा झाली आणि संध्याकाळी काकाच्या घरी रोझरी ठेवलेली. हॉल भरलेला. सगळे खाली बसून नमो मरिये म्हणत होते. माझ्या मागच्या भिंतीला काकाचा नवा काचेचा शोकेस, आत दिवे, आजीने जायच्या आधी केलेली गव्हाण मांडलेली.

एक प्रार्थना संपली. पुढची सुरू व्हायच्या आधी सगळे श्वास घेतात ना, तेवढी शांतता...

खुळखुळ...

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

मी तो आवाज लहानपणी ऐकला होता. एकदाच. पण तो विसरायचा आवाज नव्हता.

मी मागे वळले.

गव्हाणीत बाळ होतं.

आजीच्या हातात, जमिनीखाली असायला हवं होतं ते बाळ. शोकेसमध्ये. वर छोटा बल्ब.

रोझरी संपेपर्यंत मी कशी बसले ते मलाच माहीत. मग काकाला किचनमध्ये ओढलं.

"तू खोटं बोललास!"

"हळू बोल, मागू. माणसं आहेत."

"ऐकू दे! माळेवर हात ठेवलेलास तू!"

"अगं, समजून घे जरा. पेपरवाले फोटो काढून गेलेत. सोसायटीची गव्हाण स्पर्धा यंदा आईच्या नावाने आहे. बाळच नसेल तर गव्हाण कसली? आणि एवढी कला मातीत कुजवायची?"

कला! जिवंत होती तेव्हा हाच माणूस ओरडायचा, "आई, तुझी माती बाल्कनीतच ठेव, टाइल्स खराब होतात." म्हातारी थंडीत बाल्कनीत बसून मूर्त्या करायची. आणि आता कला!

"ती तुझी आई आहे," मी म्हटलं.

"होती," काका म्हणाला. त्याने शोकेसला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. पण काकीचा फोन यायला लागला. दुपारचा. काका घरी नसताना.

"मागू, काच आतून पांढरी होतेय गं."

"मग पूस की."

"काल ह्यांनी उघडून पुसली. आज परत तेच. मी बोट लावून जिभेवर ठेवलं..."

"आणि?"

"मीठ आहे."

मी हाफ डे टाकून गेले. शोकेस खरंच पांढरा पडलेला, खालून वर. मिठागरात पाणी आटल्यावर तळाला पापुद्रा धरतो, तसा. आणि हॉलमध्ये खाडीच्या चिखलाचा वास. सगळ्या खिडक्या बंद, एसी चालू, आणि तरीही तो वास. काकी सारखी अगरबत्ती लावत होती.

मी वाकून आत बघितलं. आदल्या वेळी बाळ मरिया मायकडे तोंड करून होतं.

आता त्याचं तोंड दाराकडे होतं...

"पुसताना हललं असेल," काका संध्याकाळी म्हणाला.

"काच पुसलीस ना? बाळाला कुठे हात लावलास?"

"तू जा घरी, मागू."

काकीने मला लिफ्टपर्यंत सोडलं. दार बंद होता होता म्हणाली, "दुपारी मी एकटी असते. शोकेसमधून तो खुळखुळ आवाज येतो गं. आधी थांबून थांबून वाजायचा, आता सारखा वाजतो. भुकेल्या पोरासारखा."

मी ठरवलं. चोरी करायची नाही, लपूनछपून काही नाही. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांसमोर मागायचं. देत नाही म्हणाला तर सगळ्यांसमोर सांगायचं त्याने काय केलंय ते.

तो रविवार.

मी आणि सर्वेश सहाच्या सुमाराला पोहोचलो. परीक्षक म्हणून सोसायटीच्या दोन बायका आणि चेअरमन. शेजारीपाजारी. समोसे. काकाने शर्टाला इस्त्री केलेली, आणि भाषण सुरू. "माझी आई एक शांत, सोशिक कलाकार..."

मी तोंड उघडलं. "काका, एक मिनिट..."

आणि तेव्हाच...

खुळखुळ...

ह्या वेळी फक्त मी नाही ऐकलं. चेअरमनचा समोसा तोंडाजवळ तसाच राहिला. एका बाईने विचारलं, "हे काय वाजतंय?"

दिवे गेले नाहीत. वारा आला नाही. सिनेमातल्यासारखं काहीच झालं नाही. फक्त आवाज.

आधी शोकेसमध्ये.

मग सोफ्याच्या मागे...

मग दाराजवळ...

मग दाराच्या बाहेर, पॅसेजमध्ये. लांब लांब जात. त्याच्याबरोबर अजून एक आवाज होता. पाय घासत चालण्याचा. गुडघे सुजलेलं माणूस चालतं तसा.

हॉलमधली सगळी डोकी एकत्र दाराकडे वळली. दार उघडंच होतं. बाहेर कोणी नव्हतं. लिफ्ट आमच्या मजल्यावर आली, उघडली, बंद झाली आणि खाली गेली.

आम्ही परत शोकेसकडे बघितलं.

गव्हाण रिकामी होती.

कुलूप तसंच होतं आणि काच अख्खी होती. गवत मध्ये दबलेलं, आणि त्या खळग्यात ओला काळा चिखल.

"आत्ता तर होतं," ती बाई म्हणाली. तिचा आवाज फाटला. "आत्ता, माझ्यासमोर..."

आणि माझ्या काकाने काय करावं?

माझी पर्स ओढली. सोफ्यावर उपडी केली. डबा, कंगवा, औषधं, पॅड, सगळं चेअरमनसमोर. "कुठे ठेवलंस? बोल! तूच काढलंस!"

सर्वेश मध्ये आला. "काका, हात मागे घ्या. किल्ली तुमच्या खिशात आहे."

काकाने खिसा चाचपला. किल्ली होती. तरीही तो माझ्याकडेच बोट दाखवत राहिला.

पोलिसांत तो गेला नाही, कारण सांगणार काय? पण नातेवाइकांत सांगत सुटला. नाताबायचं बाळ मागूने चोरलं. विकलं असेल. नवरा हिंदू ना, तिला काय त्याचं. दोन वर्षं! लग्नात गेले तर बायका पर्सा मांडीवर घेऊन बसायच्या. बारशाला गेले तर कुजबुज. ज्या आजीसाठी मी भांडले तिचीच चोर ठरले मी. किती रात्री मी रागाने रडलेय ते सर्वेशला विचारा.

मग ह्या वर्षी चर्चमधून फोन आला.

आमच्यात आता कबर कायमची मिळत नाही. जागाच नाही. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या छोट्या कप्प्यात ठेवतात. त्याला निश म्हणतात. आजीची वेळ आलेली.

सकाळची वेळ. लख्ख ऊन. काका, काकी, मी, सर्वेश, आणि हल्लीचे तरुण फादर. काका माझ्याकडे बघतही नव्हता. कबर खणणारा आनंदा आत उतरला. लाल मुरूम बाहेर पडत होता. पेटीची लाकडं कुजलेली. तो हाताने माती सारायला लागला.

मग तो थांबला.

वर बघितलं. परत खाली बघितलं.

"काय झालं?" काकाने विचारलं.

"बाय," आनंदा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही तं एकच माणूस बोललेलात."

"एकच आहे," मी म्हटलं. "माझी आजी."

"इथं दोन हायेत."

मी कडेला गुडघ्यावर बसले आणि वाकून बघितलं.

आजीच्या हातांची हाडं छातीवर दुमडलेली. जपमाळ अडकलेली. आणि त्या दोन हातांच्या मध्ये...

लहान हाडं. अगदी लहान. माझ्या करंगळीएवढी. कवटी हातात मावेल एवढीशी.

बाळाची मूर्ती कुठेच नव्हती. फक्त त्या हाडांभोवतीची माती वेगळी होती. बाकी सगळा लाल मुरूम, आणि तेवढ्या जागी खाडीचा काळा चिखल. वर मिठाची पांढरी कड.

खुळखुळ.

मला सगळं एकदम कळलं आणि मी ओरडायला लागले. आजोबांनी तिला बघू दिलं नव्हतं. मग तीच गेली असणार कधीतरी बांधावर, एकटी, आणि हाताने उकरून आणलं असणार आपलं पोर. त्याच मातीत त्याला गुंडाळलं, त्याला नाक-डोळे केले, चुना लावला, आणि आयुष्यभर पलंगाखाली घेऊन झोपली. आणि वर्षातून एकदा, सगळ्या गावासमोर, गव्हाणीत निजवलं. ज्याला चर्चने गेटच्या आत घेतलं नाही, त्याच्यासमोर सगळे गुडघे टेकत होते. तो फादरसुद्धा.

काका मटकन खाली बसला. "हे काय आहे? हे कोणाचं आहे?"

"कोणाचं?" मी म्हटलं. "तुझा मोठा भाऊ आहे तो, इनासकाका! सख्खा मोठा भाऊ! त्याला तू काचेत ठेवलंस. बल्ब लावून. बक्षीस मिळावं म्हणून."

काकी छातीवर क्रूसाची खूण करत होती, परत परत.

तरुण फादर हळूच म्हणाले, "निशवर नाव एकच द्यायचं ठरलेलं. ह्या मुलाची नोंद कुठेच नाही..."

"मग आता करा," मी म्हटलं. "नाहीतर आजी परत बाहेर येऊन उभी राहील. आणि ह्या वेळी मी पण."

त्यांनी वाद घातला नाही. दोघांना एकाच कप्प्यात ठेवलं. दगडावर लिहिलंय, नातालीन आणि तिचा मुलगा. काका कोपऱ्यात उभा राहून रडत होता. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

पेटी माझ्या येण्याआधी बंद झाली, त्यावर माती पडली, वर सिमेंटची लादी बसली. ती लादी आनंदाने त्या सकाळी आमच्यासमोर फोडली. तोपर्यंत ती कुठेच तडकलेली नव्हती. मग बाळ आत कसं गेलं? मला विचारू नका. मला माहीत नाही.

मला वाटलं, संपलं. मिळालं तिला तिचं पोर, आता शांतता.

गेल्या आठवड्यात काकीचा मेसेज आला. फोटो. त्यांचा तोच शोकेस, आता रिकामा. गव्हाण नाही, काही नाही.

काच आतून परत पांढरी झालेली.

पण ह्या वेळी सपाट पापुद्रा नव्हता. ठसे होते. लहान लहान पंजे, काचेला टेकलेले. एकाच मुलाचे नव्हते. काही अगदी बोराएवढे, काही त्याहून मोठे, एकमेकांवर, खालपासून वरपर्यंत. मी मोजले नाहीत.

मागोमाग काकाचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा मला 'बाळा' म्हणाला. "मागू बाळा, आईला तर दिलं ना आपण तिचं. मग आता हे कोण आहे?"

मला आजीची मातीवर पडलेली थाप आठवत होती.

काकाचा टॉवर जिथे उभा आहे ना, तिथेच तो बांध होता.

आणि तिचं पोर तिथे एकटं नव्हतं.